पिकअपची खांदशेकणी

बाकीच्यांना राग येतो आणि जातो. पांढुर्ण्याच्या भैय्याजी कळंब्यांकडे तो राहायलाच आला होता, आणि घरच्या माणसासारखं त्याला दोन्ही वेळचं खाणं लागायचं. सकाळी कडुलिंबाची काडी चावताना ती कडू लागली म्हणून भैय्याजी तिच्यावर उखडायचे. दुपारी वरण गरम म्हणून ओरडायचे, आणि ओरडून होईपर्यंत ते निवायचं, तेव्हा थंड म्हणून. पंचावन्न वर्षांचा उंच, हाडकुळा माणूस. मिशा पांढऱ्या, भुवया मात्र काळ्याभोर. गल्लीतले लोक लांबूनच भुवया पाहायचे आणि समोरून जायचं की बोळातून, ते ठरवायचे.

छप्पन सालच्या पावसाळ्यात या रागाला सरकारनंच मोठं कुरण मोकळं करून दिलं. नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहणार आणि राजधानी भोपाळला होणार, असं पेपरात छापून आलं. भैय्याजी तो पेपर घेऊन शेजारच्या नत्थूजींच्या ओट्यावर चढले. नत्थूजी म्हणजे पेन्शनीत निघालेले भूगोलाचे मास्तर. त्यांच्याइतका सत्यवचनी माणूस साऱ्या तालुक्यात नव्हता आणि त्यामुळे त्यांना कोणी कुठल्या कामात घेत नसे.

"मास्तर, भोपाळ कोनीकडे येते? बोट करून दाखवा बरं."

नत्थूजींनी डोळे मिटून दिशा जुळवल्या आणि बोट केलं. ते नेमकं भैय्याजींच्या उकिरड्याकडे गेलं.

"बरोबर आहे!" भैय्याजी गरजले. "नागपूरले आमचे सोयरे, नागपूरले बजार, नागपूरले डाक्टर. आन अर्जी द्याले जा म्हणते भोपाळले!"

"रेघ नकाशावर असते, भैय्याजी. जमिनीवर काही दिसत नाही."

"मले दिसते ना! माह्या पोटावरून जाऊन राहिली थे!"

पोटावरून म्हणण्यात खोटं काही नव्हतं. भैय्याजींचं पोट गाड्यांवर होतं. वडलांपासून धंदा एकच: आसपासच्या बागांतला संत्रा आणि शेतांतला कापूस स्टेशनावर नेऊन टाकायचा. सहा छकडे होते, बारा बैल होते, आणि प्रत्येक बैलाला नाव होतं. दोन वर्षांपूर्वी भैय्याजींनी हे सगळं एका आठवड्यात विकलं आणि नागपूरच्या एका लाकूडवाल्याकडून जुनी पिकअप आणली. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ती गाडी. रंग हिरवा, आवाज दळणाच्या गिरणीचा, आणि दारावर कोण्या गोऱ्या सोजिरानं चाकूनं कोरलेलं नाव: डोरोथी. भैय्याजींच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, ते नाव कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर खळ लावून लक्ष्मीचं चित्र चिकटवलं.

मनकर्णाबाई सावरगावच्या. पांढुर्ण्याचा नवरा आणि सावरगावची बायको म्हटल्यावर आमच्याकडे कोणाला पुढचं सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं जाम नदीच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांना गोटे मारतात, पण सूर्य बुडला की थांबतात. कळंब्यांच्या घरातली गोटमार बारमाही होती. बैल विकले तेव्हा मात्र मनकर्णाबाईंनी एकही गोटा मारला नाही. त्या नुसत्या गप्प झाल्या. रिकामा गोठा रोज झाडत राहिल्या. भैय्याजींना त्याचा फार राग यायचा. रिकामा गोठा झाडणाऱ्या माणसाला ओरडावं तरी काय?

तर छप्पनच्या श्रावणात दवंडी आली की मोटार-इन्स्पेक्टर नागपूरहून डाक बंगल्यावर येणार आणि भाड्याच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक तपासणार. जी गाडी फेल झाली, ती उभी. पुन्हा तपासणी कधी, असं विचारल्यावर दवंडीवाल्यानं खांदे उडवले. नोव्हेंबरनंतर नागपूरचं हपीस दुसऱ्या राज्याचं होणार. पांढुर्ण्याची गाडी मग कोणतं हपीस तपासणार, ते कुठं उघडणार, हे अजून उघडणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे आता फेल झालेली गाडी संत्र्याचा अख्खा हंगाम अंगणात उभी राहणार. रामाकोन्याच्या तीन बागाईतदारांना भैय्याजींनी माल नेण्याची जबान दिली होती. बैल तर गेले होते.

आणि तपासणीचा दिवस कोणता? पोळ्याचा दुसरा दिवस. गोटमारीचा.

"ऐन गोटमारीच्या दिवशी!" भैय्याजींच्या भुवया टोपीत शिरल्या. "हे साहेब लोक पंचांग पाहात नाही का कॅलेंडर पाहात नाही?"

ब्रेकची गत भैय्याजींना माहीत होती. चाकाच्या आत एक लोखंडी डरम असतो, त्यात दोन अर्धगोल शू असतात, आणि शूवर जाड पट्टा बसवलेला असतो. पायडल दाबलं की तो पट्टा डरमाला आतून घासतो आणि चाक थांबतं. या पट्ट्याला लायनर म्हणतात. भैय्याजींचे लायनर झिजून पापडासारखे झाले होते. महिन्यापूर्वी रामाकोन्याच्या उतारावर त्यांनी पायडल दाबलं, दाबलं, पार फळीला टेकवलं, तरी पिकअप थांबली नाही. ती जाऊन थांबली गावच्या कोंडवाड्यात, उघड्या फाटकातून आत, दोन मोकाट गाईंच्या मध्ये. कोंडवाड्याच्या मुन्शीनं चष्मा लावला, वही काढली आणि विचारलं, "जनावर कोनाचं?" भैय्याजींनी त्याला जे उत्तर दिलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

गावात गुणवंता नावाचा एकच मेकॅनिक होता. भैय्याजी त्याच्याकडे गेले तर तो उजवा दंड तेलानं चोळत बसला होता.

"गोटमारीनंतर आना," गुणवंता म्हणाला. "आदी मी कोनतंच काम धरत नाही. हात मोकळा पाह्यजे."

"तुहा हात मोडो!" असं म्हणून भैय्याजी घरी आले आणि त्यांनी जाहीर केलं की ब्रेक आपण स्वतः करणार. घरी. अंगणात. "चाकच तर आहे! चाळीस वर्षं चाकंच काढली मी. बैलाचं आन मोटारीचं चाक गोलच असते."

नवे लायनर आणि तांब्याचे रिव्हेट नागपूरहून आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भैय्याजींनी जॅक लावून गाडी उचलली, आखाखाली बाभळीचे ओंडके दिले आणि चारही चाकं काढली. डरम गंजून बसले होते; त्यांना हातोडीनं आणि शिव्यांनी सैल केलं. मग शू धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा काढायच्या होत्या. पहिली स्प्रिंग पकडीतून सुटली ती सूं करत जाऊन ओट्यावर पेपर वाचणाऱ्या नत्थूजींच्या धोतरात शिरली. नत्थूजी उठले, खुर्ची बारा फूट मागं नेली आणि तिथून पाहू लागले.

शूंवरचे जुने रिव्हेट छिन्नीनं उडवून भैय्याजींनी नवे पट्टे बसवायला घेतले. हे काम त्यांना खरंच जमत होतं. पट्टा शूवर घट्ट धरायचा, मधलं रिव्हेट आधी ठोकायचं, मग एकेक करत दोन्ही टोकांकडे जायचं, म्हणजे पट्टा फुगत नाही. रिव्हेटचं डोकं पट्ट्यात खोल बसलं पाहिजे, नाहीतर तेच डरमाला खरवडतं. ठोकायला त्यांनी घरातला पितळी दस्ता घेतला होता.

"माहा दस्ता कुठी आहे?" मनकर्णाबाईंनी आतून विचारलं.

"कामात आहे!"

"खोबरं कायनं कुटू मी? कपाळानं?"

"कुट! मजबूत आहे!"

पण काम मनासारखं होत असलं की भैय्याजींचा राग थोडा पातळ व्हायचा आणि त्यातून बढाई वर यायची. बायको दस्ता मागायला अंगणात आली तेव्हा त्यांनी तिला एक शू हातात घेऊन दाखवला. "पाहून ठेव. असे आठ आहे. गाडी भरधाव सुटली, मागं पन्नास पेट्या संत्रा आहे, समोर खाई आहे, तं सारं वझं कोन झेलते? इंजन नाही झेलत. चाक नाही झेलत. हे आठ जण झेलते!"

मनकर्णाबाईंनी शू पाहिला. "मुके बापडे," त्या म्हणाल्या आणि दस्ता घेऊन आत गेल्या.

खोबरं कुटून दस्ता परत आला, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत आठही शू तयार झाले. भैय्याजींनी ते गोठ्यात स्वच्छ पोत्यावर ओळीनं मांडले. ब्रेक ऑइलचा डबा नागपूरच्या पॅसेंजरनं यायचा होता, तो घ्यायला स्टेशनवर जायचं होतं. जाताना त्यांनी बायकोला बजावलं. बैल विकल्यापासून मनकर्णाबाई खांदशेकणीला, म्हणजे बैलांचे खांदे तुपाहळदीनं शेकायला, सावरगावला भावाच्या गोठ्यात जायच्या. "यंदा जाऊ नको. घरीच राहाजो, लायनरजवळ बसजो. कुत्रं-मांजर लघवी-बिघवी करन. कोनाले हात लावू देऊ नको."

"मीही नाही लावू?"

"तू राखण कर म्हून राहिलो ना!"

पॅसेंजर उशिरा आली, म्हणून भैय्याजी रेल्वेवर चिडले. डबा एका बाजूनं चेपला होता, म्हणून गार्डवर चिडले. दिवस मावळताना ते घराकडे निघाले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यातून कढत्या तुपाचा आणि हळदीचा वास येत होता. जो तो आपल्या बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप चोळत होता. वर्षभर जू वाहून जिथं घट्टा पडतो, तिथं. भैय्याजींनी त्या वासावरही चिडून पावलं उचलली. अंगणात आले तर तोच वास त्यांच्या गोठ्यातून येत होता.

ते दारात उभे राहिले. मनकर्णाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाजूला तुपाची वाटी, हळद, पळसाचं पान. ओळीतले सहा शू पिवळेधमक झाले होते आणि चकाकत होते. सातव्याला चोळणं चाललं होतं, हलक्या हातानं, वरून खाली. चोळून झाल्यावर त्या वाकल्या आणि त्यांनी बैलाच्या कानात सांगतात तसं सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भैय्याजींनी चेपलेला डबा उंबऱ्यावर ठेवला, टोपी काढली आणि पुन्हा घातली. तेवढ्यात आठवाही चोळून झाला.

"अवं... अवं काय करून राहिली तू!"

"खांदशेकणी."

"कोनाची?"

"तुमच्या बैलायची."

"ब्रेक आहे थे! ब्रेक! त्यायनं घासाव लागते, घसराव नाही लागत! तूप लावलं तं पकडन कसे?"

"तुमीच सांगतलं ना सकायी, सारं वझं हेच झेलते म्हून." मनकर्णाबाईंनी पदरानं हात पुसले. "झेलनाऱ्याचा खांदा दुखत नाही का जी?"

मग भैय्याजी सुटले. परवा साहेब येतो. उद्या पोळा, दुकानं बंद. नागपूरहून दुसरे लायनर आणायला गाडी नाही, वेळ नाही. फेल झालो तर रामाकोन्याच्या लोकांना काय तोंड दाखवू? संत्रा काय डोक्यावर नेऊ? तिच्या बुद्धीवर ते बोलले, तिच्या भावाच्या बुद्धीवर बोलले, सावरगावातल्या समस्त लहानथोरांच्या बुद्धीवर बोलले, आणि अडाणी हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की पलीकडे नत्थूजींनी खिडकी लावून घेतली. मग बोटभर उघडली.

मनकर्णाबाई सगळं ऐकून होईपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बारा बैल इकले, तवा मले इचारलं होतं?" आणि वाटी घेऊन आत गेल्या.

पोळ्याच्या सकाळी भैय्याजी चहा न घेता पेट्रोलची बाटली घेऊन बसले. पेट्रोलनं हळद गेली, पण तूप पट्ट्याच्या आत मुरलं होतं. बोट फिरवलं की सर्रकन जायचं. काचकागद घासून पाहिला. कागदच तुपकट झाला. नत्थूजी खुर्ची आठ फुटांवर आणून म्हणाले, "साजूक आहे, भैय्याजी. घरचं. जाणार नाही." सत्य बोलण्याची वेळ त्यांना कधीच साधली नव्हती.

"मास्तर, खुर्ची मागं घ्या," भैय्याजी दात खाऊन म्हणाले.

पुरणपोळीचं ताट आलं तसं परत गेलं. ताट परत घेऊन गेलेल्या मनकर्णाबाई पुन्हा बाहेर आल्या त्या पदर खोचून, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या राखेनं भरलेलं टोपलं घेऊन.

"पेट्रोलानं चोपड निघते का? तुपाचं गाडगं घासलं कधी जल्मात?"

"तू जवळ येऊ नको!"

"मंग बसा पेट्रोल पीत. चूल पेटवा नाही तं."

भैय्याजींनी चूल पेटवली. ती पेटत नाही म्हणून तिला दोन शिव्या घातल्या, पण पेटवली. मनकर्णाबाईंनी निखाऱ्यांवर तवा उपडा घातला आणि पहिला शू त्यावर ठेवला. आच लागली तसं पट्ट्याला घाम फुटावा तसे तुपाचे थेंब वर आले. लगेच तो उचलून त्यांनी कढत राखेत पुरला. राखेनं तूप पिऊन घेतलं. झटकला, पुन्हा तव्यावर, पुन्हा राखेत.

"पलटवा."

"मले नको शिकवू."

"जळून राहिला थो. पलटवा."

भैय्याजींनी पलटवला. "चाळीस वर्षं गाड्या हाकल्या मी."

"हाकल्या. तूप कढवलं नाही. आता राखेत घाला. दाबून. अवो, बाळाले न्हाऊ घातल्यावानी काय धरता, दाबा!"

बाहेर रस्त्यावरून गावचे बैल झुली घालून तोरणाकडे चालले होते, घुंगरांचा आवाज येत होता, आणि आत कळंब्यांचे आठ जण एकेक करून तव्यावर चढत होते. तूप गेलं की नाही हे पाहायला मनकर्णाबाईंनी कागद मागितला. हाताशी तोच राज्यांच्या बातमीचा पेपर होता. पहिला शू त्यांनी त्यावर दाबला. तुपाचा मोठा डाग पडला तो बातमीतल्या नकाशात भोपाळवर. दोन दिवसांत पहिल्यांदा भैय्याजींना बरं वाटलं. पाचव्या खेपेला डाग बारीक झाला. सातव्या खेपेला कागद कोरडा राहिला. भैय्याजींनी पट्ट्यावर अंगठा रगडला. अंगठा अडला. पुढचा शू उचलून तव्यावर ठेवला, आणि या वेळी सांगण्याआधी पलटवला.

चार वाजता जोडणी झाली. आता नळ्यांमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाखाली निजून बारीक निपल उघडायचं, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचं, आणि मगच वरच्यानं पाय सोडायचा. नत्थूजींनी स्प्रिंगेची आठवण सांगून अंग काढून घेतलं. पायडलवर मनकर्णाबाई बसल्या.

"दाब!"

"दाबलं."

"दाबून धर!"

"धरलं."

"सोड म्हटल्याबिगर सोडू नको!"

"नाही सोडत."

भैय्याजी दुसऱ्या चाकाकडे सरकले, निपल उघडलं. काहीच येईना. "अवं दाब ना!"

"दाबलंच आहे! तुमी सोड म्हटलंच नाही!"

चाकाखालून जे शब्द निघाले त्यांनी अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. पण दिवे लागायच्या आत चारही चाकं चढली आणि पायडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं कडक थांबलं. भैय्याजींनी ते तीन वेळा दाबून पाहिलं. मग परत गेलेलं ताट मागवलं आणि पुरण थंड झालं म्हणून ओरडत चार पोळ्या खाल्ल्या.

गोटमारीच्या दिवशी सकाळी नदीकडून ढोल ऐकू येऊ लागले. इन्स्पेक्टर साहेब नागपूरचा कोवळा गृहस्थ, हॅट घातलेला. डाक बंगल्यासमोरून माणसं पोती भरभरून गोटे नेत होती. "रस्त्याचं काम निघालंय वाटतं," तो कौतुकानं म्हणाला.

स्टेशनाकडच्या उतारावर चुन्यानं रेघ मारली होती. वरून गाडी सोडायची, शिट्टी वाजली की ब्रेक दाबायचा, आणि रेघेच्या आत थांबायचं. भैय्याजींबरोबर नत्थूजी आले होते, आणि कोणी न बोलावता मनकर्णाबाईही. पिकअप निघाली, शिट्टी वाजली, भैय्याजींनी पाय दाबला. गाडी थोडी डावीकडे ओढली आणि थांबली. रेघ चांगली चार हात पुढे होती.

"शाबास," साहेब म्हणाला. पेनाचं टोपण काढून तो कागद भरू लागला आणि मध्येच थांबला. नाक वर केलं. "शिरा कुणाकडे भाजतायत?"

वास चारही चाकांतून येत होता. डरम तापले होते, आणि राखेच्या हाताला न लागलेलं तूप आता उतरत होतं. भैय्याजी आकाशाकडे पाहू लागले. पण साहेबानं नत्थूजींना विचारलं, आणि नत्थूजींनी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. तूप, हळद, पळसाचं पान, आवतण.

साहेब हसला. हॅट पडेपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "अहो, अशा अडाणी बायका घरात असल्यावर मोटारी कशाला ठेवता? तुम्हाला बैलच बरे!"

मनकर्णाबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

सही अजून व्हायची होती. साऱ्या हंगामाची भाकरी त्या पेनाच्या टोकावर होती. आणि साहेब बोलला त्याच्या दसपट भैय्याजी परवा स्वतः बोलले होते. नत्थूजी त्याला साक्षीदार होते. हसून दिलं असतं तर काम झालं असतं. भैय्याजी पिकअपमधून उतरले. दार इतक्या जोरात आपटलं की लक्ष्मीचं एक टोक सुटलं.

"साहेब, टोपी उचला आन त्वांड सांबाळा!"

"काय?"

"तिनं बिघडवलं, तिनंच सुदरवलं! चुलीपुढं बसून आठी लायनर कोरडे केले तिनं. तुमच्या हपिसातल्या एकाले तरी जमन का? अडाणी म्हनाचं तं मी म्हनीन, माही बायको आहे थे, तिले परत बोलता येते मले. तुमाले कसं बोलन? तुमी सरकारचे आहे, तुमी ब्रेक पाहा! बायका पाहाले पाठवलं का सरकारनं तुमाले?"

साहेबाचा चेहरा लाल झाला. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे. पुन्हा तपासणी. भरल्या गाडीनं, उताराच्या माथ्यावरून. हँडब्रेकला हात लावायचा नाही. चाक रेघेच्या पुढे गेलं की फेल."

"भरतो! कायनं भरू?"

भरायला जवळ काहीच नव्हतं, फक्त गोटे होते. पोती घेऊन नदीकडे चाललेली पांढुर्ण्याची माणसं एव्हाना तमाशा पाहत थांबली होती. आपल्या गावच्या माणसाला नागपूरचा साहेब फेल करतो आहे म्हटल्यावर त्यांनी भराभर वीस पोती पिकअपमध्ये टाकली. "भैय्याजी, जल्दी करा, तिकडे सावरगाववाल्यायनं सुरू केलं," एक जण ओरडला. मनकर्णाबाई मागच्या फळीवरून चढल्या आणि त्या पोत्यांवर बसल्या.

"तू कुठी चढून राहिली? उतर!"

"मी केले ना कोरडे? मी बसतो."

"नाही थांबली तं?"

"थांबन." मग त्या गोट्यांच्या पोत्यांवर हात फिरवून म्हणाल्या, "आन हे उतरवाची घाई नका करू जी. राहू द्या इथंच दुपारपर्यंत." माहेर ते माहेर.

माथ्यावरून गाडी सुटली तेव्हा भैय्याजींना कळलं की वजन म्हणजे काय. वीस पोती आणि मनकर्णा मागून ढकलत होती. शिट्टी वाजली. त्यांनी दोन्ही पाय पायडलवर ठेवले आणि सीटवरून उठून उभे राहिले. गाडी कण्हली, डावीकडे ओढली, शिऱ्याचा वास भपकन आत आला. रेघ जवळ येत होती, अजून जवळ, आणि भैय्याजी जन्मात पहिल्यांदा कोणाला शिव्या न देता ओरडले, "धर! धर रे बापा!"

पिकअप थांबली. वाकडी थांबली. उजवं चाक रेघेच्या वीतभर मागं, आणि डावं नेमकं रेघेवर. साहेब गुडघ्यावर बसून पाहू लागला. सगळे वाकले.

"पुढे गेलंय," साहेब म्हणाला.

"रेघेवर आहे," नत्थूजी म्हणाले. "रेघेवर म्हणजे पुढे नव्हे. चाळीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं. सीमा ओलांडली तरच माणूस दुसऱ्या मुलखात जातो."

नदीकडून पहिला मोठा गलका उठला आणि कपाळाला फडकं बांधलेला एक जण पळत रस्त्यानं आला, आणखी पोती मागायला. फडक्यातून रक्त झिरपत होतं. साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मग गोट्यांच्या पोत्यांकडे, मग सभोवार जमलेल्या मंडळींकडे. सही झाली. शिक्का झाला. साहेब पुढच्या गाडीनं नागपूरला गेला.

गोटे उतरवल्यावर भैय्याजींनी स्टिअरिंगवर कागद पसरून वाचला. मनकर्णाबाई शेजारी बसल्या होत्या. वाचता वाचता भुवया पुन्हा टोपीत शिरल्या.

"एकतीस अक्टोबरपर्यंत! निस्ते दोन महिने! पुढचं नवीन हपीस पाहीन म्हणते! अरे तुमच्या हपिसाच्या..." पांढुर्ण्याच्या बाजारापासून घरापर्यंत भैय्याजी जुन्या राज्यावर, नव्या राज्यावर, दोन्हींच्या मधल्या रेघेवर आणि गाडी डावीकडे ओढते त्यावर बोलत राहिले. संत्र्याचा निम्मा हंगाम तरी निघेल, हे त्यातच कुठंतरी एका शिवीच्या पोटात सांगून झालं. घराच्या वळणावर गाडी हळू करून ते म्हणाले, "डावीकडचे उद्या पुन्हा खोलाव लागते. राख ठेवजो."

"हाव."

"आन पुढच्या साली लावाचंच असन तं बाहेरून लाव. बोनेटाले लाव, दाराले लाव, पायजे तितकं लाव. मी काही म्हनत नाही. पन आतमंधी हात नको घालजो."

मनकर्णाबाई पदरावरचा हळदीचा डाग नखानं खरवडू लागल्या.

"अवो, पन खांदाच आतमंधी आहे त्याचा," त्या म्हणाल्या. "त्याले मी काय करू?"